ती पाटी आधी काढा

किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला आणि तो मुलगा दचकून उठला. उजव्या गालावर स्पायरल वहीच्या तारेचे वळ उमटले होते, एका सरळ रांगेत. समोर राज्यघटनेवरचं जाडजूड पुस्तक उघडं होतं आणि पानावर रुपयाएवढा ओला डाग. त्यानं आधी तो डाग शर्टाच्या बाहीनं टिपला, मग तोंड पुसलं, मग उभा राहून म्हणाला, "सॉरी सर." किल्ल्या आपटणारा शिपाई त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्यानं काही न बोलता भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर पाटी होती : 'अभ्यासिकेत झोपण्यास सक्त मनाई आहे. झोपलेले आढळल्यास प्रवेश रद्द करण्यात येईल व अनामत रक्कम परत मिळणार नाही.'

एप्रिलचा महिना, दुपारचे अडीच. पुण्यातल्या एका पेठेतल्या या अभ्यासिकेत मी भाच्याचा डबा घेऊन गेले होते. खुर्च्या साठेक, त्यातल्या वीस-बावीस रिकाम्या. म्हणजे त्यानं कुणाची जागा अडवलेली नव्हती. घोरत नव्हता, पाय पसरले नव्हते. वहीवर गाल टेकून डोळे मिटले, एवढाच त्याचा अपराध. जिन्यात गाठून विचारलं तेव्हा कळलं, पोरगा परभणीकडचा. रात्री दहा ते पहाटे चार एका गोदामात पार्सलं निवडतो. खोलीत सहा कॉट. सहाला नळाला पाणी येतं तेव्हा सगळी खोली उठते, म्हणजे यालाही उठावं लागतं. "चूक माझीच होती काकू," तो म्हणाला.

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. दीड तासाच्या झोपेवर घटनेची कलमं पाठ करणाऱ्या पोराला आपण चुकलो असं वाटतं, आणि अनामत जप्त करायची धमकी भिंतीवर रंगवणाऱ्यांना काहीच वाटत नाही. त्या शिपायावर माझा राग नाही. त्याचेही डोळे लाल होते, आणि तुटपुंज्या पगारावर त्याला हेच काम सांगितलं आहे. राग आहे तो पाटी लावणाऱ्या मंडळींवर. थकलेल्या माणसाला जिथं घटकाभर डोळे मिटता येत नाहीत ती जागा सार्वजनिक नाही, मग दारावर काहीही लिहिलेलं असो.

आपल्या भाषेनंच या बाबतीत पंक्तिप्रपंच करून ठेवला आहे. पेढीचा मालक दुपारी शटर ओढून आडवा झाला की ती वामकुक्षी. साहेबांचा केबिनमध्ये जरा डोळा लागतो. पण वॉचमन झोपा काढतो, हमाल लोळत पडतो आणि फुटपाथवरचा माणूस तर पसरलेला असतो. देह तोच, थकवा बहुतेक वेळा खालच्या माणसाचा जास्त, आणि शब्द मात्र त्याच्याच वाट्याला हलके. मार्केट यार्डाच्या तरकारी विभागात दुपारी एकदा जाऊन बघा. पहाटे दोन-तीनपासून ट्रक रिकामे केलेला हमाल हातगाडीवर कलंडलेला असतो. पाठीखाली बारदान, डोक्याखाली चपला, कारण दुसरी उशी नाही आणि पायाशी ठेवल्या तर चपला जातात. डोळ्यांवर गमछा. एक पाय खाली सोडून चाकाला टेकवलेला, कुणी गाडी ढकलली तर पहिल्याच हिसक्याला कळावं म्हणून. असा पाय टेकवून झोपणाऱ्याला आळशी म्हणणाऱ्यानं एक दिवस त्याचं पोतं उचलून दाखवावं.

हे सगळं मला इतकं लागतं त्याला कारण आहे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. तिसरी पाळी, रात्री बाराला आत आणि सकाळी सातला बाहेर. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. त्यात आम्ही चार भावंडं, आई, आजी आणि गावाहून आलेला एक चुलता. सकाळी आठ वाजता त्या खोलीत स्टोव्ह पेटलेला, आजीचं औषध, आमची शाळेची घाई. वडिलांना पाठ टेकायला जागा म्हणजे गॅलरी, आणि गॅलरीत ऊन यायचं. मग ते तळमजल्यावरच्या वाचनालयात जायचे. पेपर घ्यायचे, खुर्चीत बसायचे, दोन्ही हातांनी पेपर तोंडासमोर धरायचे आणि त्याच्या आड झोपायचे. साच्यांच्या खडखडाटानं त्यांचे कान अर्धे गेलेले, त्यामुळं तिथल्या बोलण्याचा त्यांना त्रास नव्हता. पेपर मात्र हातातून सुटत नसे. झोपेतही तो माणूस वाचत असल्यासारखा बसायचा, कारण वाचणाऱ्यालाच तिथं बसायची मुभा होती.

एके सकाळी कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी तो पेपर त्यांच्या हातातून ओढून घेतला. "हे वाचनालय आहे, धर्मशाळा नाही," असं दहा माणसांसमोर सुनावलं. मी आजीसाठी त्यांना बोलवायला गेले होते, दारात उभी होते, सात-आठ वर्षांची असेन. वडील उठले, चप्पल घातली, बाहेर आले. नंतर ते त्या वाचनालयाची पायरी कधी चढले नाहीत. वर्गणी मात्र भरत राहिले, मुलांना पुस्तकं मिळावीत म्हणून.

'धर्मशाळा नाही' हे वाक्य मी पुढं कितीतरी ठिकाणी ऐकलं, आणि दर वेळी ते बोलणाऱ्याला धर्मशाळा हा शब्द शिवीसारखा वापरताना पाहिलं. याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी आयुष्य वेचून धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. ज्यांना आत जागा मिळत नाही ती माणसं रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर अंथरूण टाकतात. हातात झाडू घेतलेल्या त्या माणसाला कळत होतं की दुखण्यानं, प्रवासानं किंवा कामानं मोडलेल्या देहाला आधी पाठ टेकायला जागा लागते आणि बाकीचं सगळं नंतर. आम्ही बाबांच्या नावानं स्वच्छता अभियानं काढली आणि फुटपाथवर झोपलेल्यांनाच कचऱ्यात धरलं.

आणि ही विश्रांती कुणी भीक म्हणून दिलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी शाळेच्या पुस्तकात आहे. १० जून १८९० ला ती मिळाली हेही पाठ केलं जातं. त्याच निवेदनात दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती, तिची आठवण कुणाला नाही. उजाडायच्या आत भोंगा, अंधार पडल्यावर सुटी, आणि मध्ये अर्धा तास अंग टेकता यावं म्हणून माणसांना सह्या गोळा कराव्या लागल्या. आज कुठं आलो आहोत? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. दिवस लांबवायला एक बैठक पुरली. त्या बारा तासांनंतर लोकलमध्ये, बसथांब्यावर, वाचनालयात डोळे मिटणाऱ्या माणसाला आता कुठल्या तोंडानं उठवणार?

अभ्यासिकांची मंडळी यावर बाबासाहेबांकडं बोट दाखवतात. त्या पाटीच्या बाजूलाही त्यांची तसबीर होती आणि खाली लिहिलं होतं, 'बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत.' जयंतीला कितीतरी महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मुलं ते प्रेमानं करतात, त्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या आकड्याचा चाबूक करणाऱ्यांबद्दल. ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांचं बंद दार एका आयुष्यात उघडायचं होतं त्यानं स्वतःच्या देहाला किती ताणलं, ते त्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्यांच्या देहासाठी त्यानं काय मागितलं ते बघा. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं, तेव्हा कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडलं. आपण त्यांचे अठरा तास भिंतीवर टांगले आणि ते अठ्ठेचाळीस विसरलो. रात्रभर पार्सलं उचलून आलेल्या पोराच्या डोक्यावर त्यांची तसबीर लावून त्याला किल्ल्या आपटून उठवणं हा त्या तसबिरीचा अपमान आहे.

शिवाय या लोकांना अभ्यास म्हणजे काय तेही कळत नाही. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. पाठांतरानंतर झोपले तेव्हा त्यांच्या लक्षात बरंच राहिलं, जागे राहून इकडंतिकडं करत बसले तेव्हा बहुतेक गळून गेलं. नंतरच्या शंभर वर्षांत झोप आणि स्मरण यांचं हे नातं पुन्हा पुन्हा पडताळलं गेलं आहे. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान येणारी झापड फक्त जेवणाची नसते, देहाच्या घड्याळातच तेव्हा उतार असतो. म्हणजे अडीचला त्या मुलाचा डोळा लागला तेव्हा त्याचा मेंदू सकाळी वाचलेलं लावून ठेवत होता. अभ्यासाच्या नावाखाली अभ्यासच मोडला गेला.

डुलकीनं ग्रंथालयाची शान जाते म्हणणाऱ्यांनी मुंबईत काळाघोड्याला जावं. डेव्हिड ससून ग्रंथालयाची ती दगडी इमारत १८७० सालची. तिच्या सज्जात लांब हातांच्या लाकडी आरामखुर्च्या आहेत. दुपारच्या वाऱ्यात पुस्तक छातीवर ठेवून सभासद तिथं निवांत डोळे मिटतात आणि त्या सज्जाची छायाचित्रं लोक कौतुकानं काढतात. त्या ग्रंथालयाचं काहीच चुकत नाही, तेच बरोबर आहे. पुस्तक वाचता वाचता झोप लागणं हा वाचनाचाच भाग आहे हे त्या खुर्च्या बनवणाऱ्याला ठाऊक होतं. वॉर्डातल्या वाचनालयात पेपर घेऊन बसलेल्या निवृत्त कंडक्टरची मान कलली तर त्याला मात्र टेबल वाजवून उठवलं जातं. आपल्या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, हजारो ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात. त्या पैशात कंडक्टरचा कर आहे, हमालाचाही आहे.

ग्रंथालयाबाहेर पडलं तर अवस्था आणखी वाईट. पुण्यातल्या महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी अकराला बंद होतात आणि दुपारी चारला उघडतात. म्हणजे ऊन जेव्हा माथ्यावर असतं, सावलीची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या तेव्हा झाडांना कुलूप. सकाळी फिरायला येणाऱ्यांची सोय झाली, संध्याकाळी मुलांना घेऊन येणाऱ्यांची झाली. दुपारी येणारे कोण? डिलिव्हरीची मुलं, घरकामाच्या बायका दोन घरांच्या मधल्या वेळात, झाडणकाम आटोपलेले सफाई कामगार, कोर्टाच्या तारखेला गावाहून आलेली म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी फाटक बंद. रस्त्यावर ठेवलेल्या नव्या बाकांना मध्ये लोखंडी दांडा असतो. त्या दांड्याचा बसणाऱ्याला काही उपयोग नसतो. कुणीतरी कार्यालयात बसून, कागदावर आखून, पैसे खर्चून तो दांडा बसवला आहे, आणि तो बसवताना त्याच्या डोळ्यांसमोर एक थकलेला माणूस होता, ज्याला आडवं होऊ द्यायचं नव्हतं. या क्रौर्याला सुशोभीकरण म्हणतात.

स्टेशनांवर आता झोप विकायला ठेवली आहे. २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला रेल्वेनं पॉड हॉटेल सुरू केलं, ४८ खणांचं. सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये. ज्याला परवडतं त्यानं जरूर झोपावं. पण प्लॅटफॉर्मवर चादर टाकणाऱ्याला काठीनं ढोसायचं आणि त्याच स्टेशनात पैसे मोजणाऱ्याला गादी द्यायची, यातून एकच गोष्ट कळते : हरकत झोपेला नव्हती, फुकट झोपेला होती.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडं १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे. त्याच्या व्याख्येनुसार भीक मागितलीच पाहिजे असं नाही. पोटापाण्याचं दिसेल असं साधन नसलेला माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत आढळला की भीक मागूनच जगत असावा असं वाटावं, तर तोही भिकारी. पोलीस त्याला वॉरंटशिवाय पकडू शकतात, आणि सिद्ध झालं तर एक ते तीन वर्षं कोंडून ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. इथं ती उभी आहेत. उलट बाजूला, रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या माणसांवर पोलीस घातले त्या प्रकरणात, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी स्वच्छ लिहिलं की झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, कलम २१ मधला. तो मुलगा हेच कलम पाठ करत होता की दुसरं कुठलं, मला माहीत नाही. पुस्तक मात्र तेच होतं.

बायकांबद्दल बोलायलाच हवं, कारण या वादात त्या दिसतच नाहीत. सार्वजनिक जागी झोपणारा म्हटलं की पुरुषच डोळ्यांसमोर येतो. मी साठी ओलांडली. आजवर एकदाही बागेतल्या बाकावर आडवी झालेले नाही. झोपेची गरज मला कमी होती असं नाही. वीस वर्षं मी पहाटे साडेचारला उठून डबे केले, लोकल पकडली, शाळेत शिकवलं. माझी खरी झोप लेडीज डब्यात झाली, बसल्या बसल्या, पर्सचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळून, शेजारच्या बाईच्या खांद्यावर. तिनं एका हातानं मेथी निवडली आणि तो खांदा हलवला नाही. तिचं नावही मला माहीत नव्हतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईतल्या बायकांवर 'व्हाय लॉइटर' हे पुस्तक लिहिलं. बाईला शहरात काही कारण नसताना नुसतं रेंगाळता आलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. 'ब्लँक नॉइज' या गटाच्या बायकांनी तर 'मीट टू स्लीप' म्हणत बागेत एकत्र जाऊन झोपून दाखवलं. ज्या बागेत बाई निर्धास्त डोळे मिटू शकते ती बाग खरोखर सुरक्षित. कॅमेरे किती लावले यावरून ते ठरत नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. दारू पिऊन येणारे येतील. येतील, तर दारू पिऊन येण्याबद्दल नियम आहेत, ते लावा. बायकांकडं टक लावून बघणारा जागाच असतो, त्याला आधी बाहेर काढा. कुणी घोरला तर खांद्याला हात लावून "दादा, आवाज येतोय" म्हणा, नव्वद टक्के माणसं ओशाळून सावरून बसतील. जागा कमी आहे आणि मुलं दारात ताटकळत आहेत, हा एकच आक्षेप मला मान्य आहे. तेव्हा तीन खुर्च्या जोडून झोपलेल्याला उठवावंच लागेल, उठवा. पण तोंडानं, नावानं, माणसासारखं. आणि वीस खुर्च्या रिकाम्या असताना हे कारण सांगू नका.

आणि आपल्याला हे नवीन थोडंच आहे? आषाढीच्या वारीत दुपारचा विसावा असतो. पालखी थांबते आणि हजारो माणसं शाळेच्या व्हरांड्यात, देवळाच्या ओवरीत, झाडाखाली, चक्क रस्त्याच्या कडेला अंग टाकतात. डोक्याखाली वळकटी, पायांना फोड, बायका-पुरुष शेजारी शेजारी. गावकरी त्यांना उठवत नाहीत, पाणी देतात, पाय चेपतात. त्यांच्यातलीच एखादी म्हातारी डिसेंबरात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आली आणि बसथांब्यावर पडली, तर रखवालदार शिट्टी वाजवतो.

त्या अभ्यासिकेच्या कार्यालयात मी दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. पाटी काढावी, दुपारी एक ते तीन टेबलावर डोकं टेकायला हरकत नसावी, मागच्या रिकाम्या खोलीत चार चटया टाकाव्यात, चटया मी देते. आतल्या गृहस्थांनी तो वाचला, घडी घातली आणि "बघू, मीटिंगला ठेवू" म्हणाले. पोच मागितली तर म्हणाले, पोच कशाला? मी पोच घेतल्याशिवाय उठले नाही. शिक्का आहे, तारीख आहे. मीटिंग पंधरा तारखेला आहे, मी सोळाला सकाळी जाणार आहे.

तो मुलगा परवा पुन्हा दिसला, त्याच टेबलाला. डोळे ताठ उघडे, समोर पुस्तक, आणि अर्धा तास पान उलटलेलं नव्हतं.